देवावर भार, पण चालायचं कुणी?

आत्याच्या तेराव्याला पंगत बसली होती. भात वाढून झाला आणि समोरच्या पानावरून माझा चुलत भाऊ म्हणाला, ‘चोवीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चालली बाई. करोनाची दोन वर्षं सोडली तर एक वारी चुकवली नाही. काय उपयोग झाला?’ त्याच्या बोलण्यात राग होता, पण तो आत्यावरच्या मायेपोटीच. तिच्या शेवटच्या आठ महिन्यांत दवाखान्याच्या सगळ्यात जास्त खेपा त्यानेच घातल्या होत्या. त्यावर शेजारच्या पानावरचे एक ज्येष्ठ नातेवाईक, गळ्यात तुळशीची माळ असलेले, शांतपणे म्हणाले, ‘चालणं वेगळं आणि भाव वेगळा. तिची श्रद्धा कुठंतरी कमी पडली असणार. नाहीतर पांडुरंग असं होऊ देत नाही.’ मग दोन्ही बाजूंनी माणसं सरसावली. इकडून विज्ञान, केमोथेरपी, बुवाबाजी. तिकडून अमक्याला डॉक्टरांनी हात टेकले आणि तमक्या देवाने उठवलं. आमटीचं भांडं घेऊन बुलढाण्याकडच्या एक बाई वाढत होत्या. आमच्या घरात त्यांना मी सोडून कुणी ओळखत नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता पुढच्या पानाकडे वळल्या. मला पुढचा घास गेला नाही.

हा वाद काही आमच्या पंगतीपुरता नाही. पाऊस लांबला, साथ आली, देवाला निघालेल्या गाडीला अपघात झाला, की तो नव्याने सुरू होतो आणि दर वेळी तितकाच वाईट घातला जातो. दोन्ही बाजू एकमेकींच्या वैरी असल्यासारख्या भांडतात, पण दोघींच्या हातात वही एकच असते. भक्ती म्हणजे भरणा आणि कृपा म्हणजे त्यावरचं व्याज. एक म्हणतो, व्याज मिळालं नाही म्हणजे पेढीच खोटी. दुसरा म्हणतो, पेढी खरी, तुमचा भरणाच तोकडा. मला दोघांचंही मान्य नाही. देवावर भरवसा टाकून माणूस मोठ्या दुःखातून पार होऊ शकतो असं मी मनापासून मानते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंही आहे. मात्र हा भरवसा दुःख टळेल असा नसतो. वाट आपल्यालाच चालायची आहे आणि त्या वाटेवर आपण एकटे नाही, एवढंच तो सांगतो. आमचे संत याच अर्थाने जगले. त्यांचं नाव घेणारे आणि त्यांना नाकारणारे, दोघेही आज हा अर्थ विसरले आहेत.

भावाच्या बाजूने बोलायचं तर त्याच्या हाताशी आत्यापेक्षा जड उदाहरणं आहेत. पंडिता रमाबाईंचं माहेर घ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला हा माणूस. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. १८७०च्या दशकात दुष्काळाने गाठलं तेव्हा हाती होतं नव्हतं ते त्यांनी दानधर्मात आणि अनुष्ठानांत घातलं, देव सोडवील या भरवशावर. पैसे संपले, मग दागिने गेले, भांडीकुंडी गेली, शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. मोलमजुरी करणं पंडिताच्या घराला कमीपणाचं वाटत होतं आणि पोट भरण्याचा दुसरा व्यवहारी मार्ग ठाऊक नव्हता, हे पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. हे वाचल्यावर ‘श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल’ असं कुणाला तोंड वर करून म्हणता येईल?

आणि ही फक्त दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. असं कलम लिहावं लागतं याचा अर्थ काय? देवाच्या नावावर माणसं उंबऱ्यात मरू दिली जात होती, असाच ना? या कायद्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत काही वारकरी मंडळीही होती, याचं मला आजही वाईट वाटतं. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच स्पष्ट लिहिलेलं असताना भ्यायचं कशाला होतं?

याहूनही अवघड प्रश्न चोखोबांचा आहे. ज्या विठ्ठलावर त्यांनी जीव टाकला त्याच्या दारात त्यांना पायरीच्या वर जाता आलं नाही, आणि त्यांच्यामागून सहा शतकं त्यांच्या लोकांनाही नाही. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें, चित्तीं असों द्यावें समाधान’ ही ओळ ज्यांचं ठीक चाललं होतं त्यांनी ज्यांचं काहीच ठीक नव्हतं त्यांना ऐकवली. या देवाकडे ज्यांना सोबत मिळाली नाही, अपमान मिळाला, आणि म्हणून जे लाखोंनी दुसऱ्या वाटेने गेले, त्यांना बोल लावायचा अधिकार माझ्यासारखीला नाही. श्रद्धेच्या बाजूने लिहिताना हे आधी कबूल केलं पाहिजे. नाहीतर पुढचं बोलणं पोकळ होईल.

पण मग तीच ओळ नीट वाचू या, कारण या वादात ती दोन्ही बाजूंनी दगडासारखी वापरली जाते. पुढे तुकोबा म्हणतात, ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ, भोगणें तें फळ संचिताचें’. संचिताचं नाव आहे, ते झाकायचं कारण नाही. त्या काळाची ती भाषा आहे आणि आज ती मला पटत नाही. पण ओळीचा रोख कशावर आहे? उद्वेगावर. काळजीचं ओझं वाहून दुःखात भर पडते, दुसरं काही होत नाही, असं तो माणूस सांगतो. शेवट तर पाहाच: ‘तुका म्हणे घालूं तयावरी भार, वाहूं हा संसार देवापायीं’. आपल्या भाषेत ‘वाहणं’ दोन तऱ्हांचं आहे. ओझं वाहतात आणि फूलही वाहतात. संसार टाकून द्यायचा असता तर ‘वाहूं’ कशाला म्हटलं असतं? मला हे असं ऐकू येतं: काळजीचा भार त्याच्यावर, आणि संसार मात्र हातात धरून फुलासारखा त्याच्या पायाशी न्यायचा. नेणारे हात आपलेच. आणि ज्याला ‘जसं आहे तसं राहा’ एवढंच सांगायचं असेल तो ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ कशाला म्हणेल?

हे अर्थ मी सोयीने काढते आहे, असं कुणी म्हणेल. म्हणून शब्द बाजूला ठेवून त्या माणसाचं आयुष्य बघावं. १६३०च्या सुमारास दख्खनेत जो दुष्काळ पडला त्यात देहूच्या या वाण्याचं दुकान बसलं, मान गेला, आणि ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. यावर त्यांनी काय केलं? परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेल्या कर्जखतांतली धाकट्या भावाच्या वाटणीची त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. भुकेने पिचलेल्या गावाकडून वसुली करायची नाही, असं सावकारी घराण्यातल्या माणसाने ठरवलं. आणि ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें’, म्हणजे पडलेलं देऊळ उभं करायला घेतलं. देवाने घर वाचवलं नव्हतं. हा देवाचं घर बांधत होता. यात मागणी कुठे आहे? व्याज कुठे आहे? नवसाबद्दल तर त्यांनी इतकं रोखठोक सांगून ठेवलंय की आजच्या कुणा विवेकवाद्याला त्यात भर घालावी लागू नये: ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’.

म्हणून आता त्या माळकरी नातेवाइकांना मला विचारायचं आहे. बायको अन्न अन्न करत मेली तेव्हा तुकोबांची श्रद्धा कुठे कमी पडली होती? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना बांधकाम कोसळून चोखोबा त्याखाली गेले. त्यांच्या भावात कुठे खोट होती? ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं पोरकी झाली ती कुणाच्या अश्रद्धेपायी? ‘श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य मला सगळ्या नास्तिक वाक्यांपेक्षा जास्त बोचतं. नास्तिक माणूस मेलेल्याच्या देवाला नाकारतो. हे वाक्य मेलेल्यालाच दोषी ठरवतं, आणि मागे राहिलेल्यांना रात्री छताकडे बघत हिशेब करायला लावतं की कुठला उपास चुकला, कुठली एकादशी मोडली. आत्याची मुलगी अजून तो हिशेब करते आहे. बरं झालेल्याच्या कथा सांगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की त्यांच्या प्रत्येक चमत्काराच्या गोष्टीत न वाचलेल्या माणसांवर एक आरोप दडलेला असतो.

भाऊ समजूतदार आहे, त्याने नंतर मला एक खरा प्रश्न विचारला. म्हणाला, ‘ताई, तू म्हणतेस ती सोबत मला पटते. पण ती माणसाचीच सोबत आहे. मित्र आहेत, समुपदेशक आहेत, वेदना शमवणारं औषध आहे. देव मधे कशाला?’ यातलं पहिलं सगळं मला मान्य आहे. ज्याला समुपदेशक हवा त्याला हरिपाठ हातात देऊन घरी बसवणं हा दुष्टपणा आहे. पण दुःखात असा एक भाग उरतो ज्याला जबाबदार कुणीच नसतं. डॉक्टर चुकलेला नसतो, घरचे कमी पडलेले नसतात, आपणही काही वाईट केलेलं नसतं, आणि तरीही मूल जातं, हात जातो, पीक जातं. तिथे तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? ज्याच्यावर ओरडता येईल असं कुणीतरी लागतं. आमच्या परंपरेने हे ओरडणं कधी पाप मानलं नाही. जनाबाई विठ्ठलाला ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून शिव्या घालते आणि लोक ते शेकडो वर्षं टाळ वाजवत गातात. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याहून पुढे जातो. तो रुसत नाही, सरळ आरोप ठेवतो: ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता’. ही गुलामाची भाषा आहे का? देवालाच लाज विचारणारा माणूस दैवाला शरण गेलेला असतो का? हे अभंग गाथांतून कुणी काढून टाकले नाहीत, वारकऱ्यांनी ते जपले. भरवशात भांडण बसतं. किंबहुना ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावर भरवसा ठेवला असं म्हणताच येत नाही. देव आहे हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, तसा माझा दावाही नाही. एवढंच सांगते की हाक मारायला कुणीतरी असणं आणि नसणं यांत पहाटे तीन वाजता फार अंतर असतं.

आता रमाबाईंकडे परत यावंच लागेल, कारण त्यांची गोष्ट पाल्यापाशी संपत नाही. आईवडिलांच्या मार्गावरचा त्यांचा विश्वास गेला, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यावरून पुण्या-मुंबईने त्यांना काय काय ऐकवलं ते प्रसिद्ध आहे. त्यांचा धर्म माझा नाही. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर ही बाई तिथे गेली आणि शेकडो भुकेल्या मुली, विधवा घेऊन परतली. केडगावचं मुक्तीसदन त्यांच्यासाठी उभं राहिलं, तिथे शेती, छापखाना, विणकाम शिकवलं गेलं. वडील देवावर भरवसा ठेवून अनुष्ठानाला बसले होते. मुलगी देवावर भरवसा ठेवून आगगाडीत बसली. देवाचं नाव बदललं म्हणून हा फरक पडला असं मला वाटत नाही. इकडच्या नावानेही तसं वागता येतं, याला पुरावा गाडगेबाबांचा आहे. कीर्तनात ‘गोपाला गोपाला’चा गजर करणारे बाबा त्याच कीर्तनात सांगत की कर्ज काढून सण करू नका, नवसाला कोंबडं-बकरं मारू नका, पोराला शाळेत घाला. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ज्यांना दुसरीकडे अंग टाकायला जागा नव्हती त्यांच्यासाठी. पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली.

वारीकडे बाहेरून बघणाऱ्यांना ती भोळ्या माणसांची गर्दी वाटते. आतून बघितलं तर ती अतिशय व्यवहारी गोष्ट आहे. दिंडीची भिशी आधी भरावी लागते, पाण्याचा टँकर ठरवावा लागतो, तंबूचं सामान पुढे धाडावं लागतं, पायाला फोड आले तर मलमपट्टी करणारे वाटेवर असतात. माऊली घेऊन जाईल म्हणून कुणी चपला घरी ठेवून निघत नाही. २०२० मध्ये तर याची परीक्षाच झाली. कित्येक पिढ्यांची पायी वारी थांबली आणि ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आत्याने त्या दिवशी दूरदर्शनवर ती बस पाहून पदराने डोळे पुसले. मी म्हटलं, वाईट वाटलं का? म्हणाली, ‘वाईट कशाचं? माणसं जगली तर पुढल्या वर्षी चालतील.’ पुढल्या वर्षीही चालता आलं नाही. ती थांबली. देवाने आपल्याला रोगापासून वाचवायलाच हवं, असा हट्ट तिने धरला नाही, आणि चालता आलं नाही म्हणून देव दूर गेला असंही तिला वाटलं नाही.

तुकोबांचा जो अभंग ती सगळ्यात जास्त गुणगुणायची तो बहुतेकांना पाठ असेल: ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती, चालविसी हातीं धरूनियां’. पुढची ओळ आहे, ‘चालों वाटे आम्ही तुझाचि आधार, चालविसी भार सवें माझा’. चालों आम्ही. पाय आमचे. तो सवें. ‘उचलून नेसी’ असं तुकोबांनी लिहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सहा आठवडे मी आत्याबरोबर दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिले. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी, गावोगावची माणसं तिथे राहतात. सकाळी स्वयंपाक, मग रांग, मग रिपोर्टची वाट, मग पुन्हा रांग. आत्याने एकही औषध चुकवलं नाही, एकही तारीख बुडवली नाही. वेदना असह्य झाल्या की रात्री भिंतीकडे तोंड करून विठ्ठलाला अरे-तुरे करायची, ‘तुला काही कळतं का रे?’ म्हणून विचारायची, आणि सकाळी पुन्हा काकडा म्हणायची. शेजारच्या खाटेवर बुलढाण्याचे एक गृहस्थ होते, बरोबर त्यांची बायको. त्या बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे आत्या त्यांना समजावून सांगायची. पुढे पुढे स्वतःचे पाय ओढत त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत जायची. ते गृहस्थ गेले त्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत आत्या त्या बाईंचा हात धरून दोन तास उभी होती. स्वतःची केमो होऊन तेव्हा तिला चार दिवस झाले होते. मी बस म्हटलं तर म्हणाली, ‘ही उभी आहे ना.’

दोन एसट्या बदलून त्या बाई तेराव्याला आल्या होत्या. आल्या तशा पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. पंगत उठल्यावर मी भावाला त्या कोण ते सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग दुसरी पंगत बसायला लागली तेव्हा त्याने जाऊन त्यांच्या हातातलं आमटीचं भांडं घेतलं आणि म्हणाला, ‘मावशी, तुम्ही बसा आता. मी वाढतो.’